सगळ्यांसमोर तीन

पटलं नाही तर सोडून द्या, मी कुणाची मनधरणी करणार नाही. पण त्या शनिवारी दुपारी अडीच वाजता मी कारखान्याच्या वरच्या ऑफिसात होते आणि काचेतून खाली दिसणाऱ्या पाच नंबरच्या प्रेसवर माझा नवरा होता. हे खरं आहे.

शनिवारी मेन स्विच बंद करून प्रेसचे पत्रा दाबायचे साचे पुसतात. माणसं कमरेपर्यंत यंत्रात वाकलेली असतात.

मी कॉम्प्युटरवर पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिते. कामगारांच्या नोंदींचा तक्ता, प्रत्येक ओळीला प्रेस नंबरचं लेबल. शून्य म्हणजे ठीक, एक जखमी, दोन मृत.

दोन फक्त चार नंबरसमोर होता. तिथला कामगार, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, गेल्या वर्षी चिरडून गेला. तेव्हापासून ती प्रेस बंद, वायरसुद्धा कापलेली.

साहेबांना नवी यादी शून्याऐवजी एकापासून हवी होती, म्हणजे प्रत्येक आकडा एकाने वाढवायचा. मी आकडे बदलणारी मेथड लिहिली. आधी शून्याचा एक, मग एकाचे दोन, मग दोनचे तीन. तेही प्रत न काढता, मूळ तक्त्यातच. घाई नडली, दुसरं काय!

रन केलं...

सगळ्यांसमोर तीन.

शून्याचा झालेला एक पुढच्या पायरीत दोन झाला, त्यापुढे तीन. नव्या यादीत तीन म्हणजे मृत. मी स्वतःलाच शिवी हासडली.

तेवढ्यात खाली...

धाड्!

एक नंबरची प्रेस खाली आली होती. बाहेर दोन पाय लाथा झाडत होते. मग थांबले.

स्विच बंदच होता.

धाड्! दोन नंबर. रक्त फरशीवरून वाहत आलं.

धाड्! तीन नंबरचा माणूस अर्धाच ओरडला.

मग... कापलेल्या वायरची चार नंबरही आदळली.

आता पाच.

मी काच बडवली. नवरा आत वाकलेला, त्याला ऐकूच जाईना. मी एकच ओळ टाइप केली, सगळ्या तक्त्यात एक. नव्या यादीत एक म्हणजे ठीक.

पाच नंबर त्याच्या मानेच्या बोटभर वर थांबली.

तिघांना चादरीत गुंडाळून नेलं. मी स्वतः पाहिलं.

सोमवारी नवरा कामावरून आला, तो जेवेचना. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलला.

"चारही प्रेस चालू होत्या. चौघेही आले होते. पैलवान म्हणाला, वहिनींना सांग, नोंद आहे तशीच राहू दे."

साहेब रोज विचारतात, तक्ता दुरुस्त कधी करणार. मी उद्या म्हणते.

त्या चार ओळींत पुन्हा तीन लिहायला माझा हात धजत नाही. नवरा अजून पाच नंबरवरच आहे, पैलवानाच्या शेजारी.