अकरा नंबरचं झाड

उज्जैनच्या भर टावर चौकात, छप्पन सालच्या ऑक्टोबरात, रणरणत्या उन्हात त्यानं विनोदिनीच्या गालावर गोळीच मारली!

गोळी म्हणजे — दाणा. काळा, टणक, चांगलाच झोंबणारा.

"ओ बाबूजी! दिसत नाही का?"

तो सायकल धरून उभा होता. मागे वाळलेल्या झाडांची मोळी, कपाळावर घाम.

"माफ करा... मी नाही, शेंगेनं मारलं. सोयाबीन आहे. ऊन लागलं की तडकते, दाणे फेकते."

"मग बांधून ठेवा ना तिला!"

"दोन वर्षं तेच तर करतोय," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की विनोदिनीला फिसकन हसूच आलं.

आणि गंमत बघा — त्यानं पत्ता विचारला तो तिच्याच घराचा! तिचे वडील भय्यासाहेब शेतकी खात्यात हेडक्लार्क. सरकारी फार्मच्या कोठीत ओल आली होती, म्हणून यंदाची झाडं वाळवायला त्यांनी फ्रीगंजातली आपली गच्ची देऊ केली होती. हा नागपूरचा शरच्चंद्र, फार्मवरचा हंगामी सहायक.

गच्चीवर त्यानं तीस झाडं ओळीनं मांडली, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधली.

"काळं वाण इथे झकास येतं, पण पिकलं की शेंगा तडकतात, अर्धं पीक मातीत. परदेशी पिवळं शेंगा घट्ट धरतं, पण इथे रोडावतं. म्हणून दोघांचं लग्न लावलं."

"अय्या! मुलं कुणावर गेली?"

"सगळी तडकणारी! पण नातवंडांत, म्हणजे या तिसांत, एखादं घट्ट निघतं. गुण पोटात लपून येतो, एक पिढी सोडून."

"माझं नाक नाही का आजीचं आलं, आईचं सोडून!"

त्यानं नाकाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन चिठ्ठ्या मोजायला लागला.

पंधरा दिवस झाडं उन्हात ठेवायची आणि रोज संध्याकाळी तडकलेल्या शेंगा मोजायच्या. तो मोजायचा, विनोदिनी वहीत लिहायची. दिवसा गच्चीची राखण तिच्याकडे.

"एक नोव्हेंबरला नवं मध्य प्रदेश राज्य होणार," एकदा तो म्हणाला. "खाती एकत्र होतील. हंगामी लोकांत ज्याच्या हाती काही लागलंय तोच राहील. एकोणीस नंबरचा दाणा टपोरा आहे. ते झाड टिकलं तर मी इथलाच... मग भय्यासाहेबांशी बोलेन म्हणतो."

"कशाबद्दल?"

"गच्चीबद्दल!"

दोघंही हसले... आणि दुसऱ्याच दुपारी एकोणीस नंबरच्या दोन शेंगा तिच्या डोळ्यांसमोर तडकल्या. तड! तड!

तिनं झाड उचललं, खाली नेलं, माठाशेजारच्या गारव्यात ठेवलं. संध्याकाळी तो यायच्या आत परत वर. रोज! ओलसर हवेत पापड मऊ पडतो, तशा गारव्यात शेंगा तडकत नाहीत. चोरी वाटलीच नाही तिला — आजारी माणसाला सावलीत नेतात ना, तसं वाटलं.

पंधराव्या दिवशी शरच्चंद्र नाचायचाच बाकी होता. "पंधरा दिवसांत दोनच शेंगा! रिपोर्ट पाठवला. बाकीची झाडं आता काय कामाची? अक्का, दाण्यांची उसळ करा!"

विनोदिनीच्या आईनं, अक्कांनी, बाकीच्या झाडांचे सगळे दाणे एका पातेल्यात भिजत घातले. दुसऱ्या दिवशी त्यानं दोनदा उसळ मागून घेतली.

"आता एकोणीसचं बी वाढवायचं," खाता खाता तो म्हणाला. "मग माळव्यात शंभर शेतांत जाईल. ज्याचं पीक मातीत सांडतं, त्याच्या घरी पहिल्यांदा पोतं भरून येईल."

विनोदिनीनं हातातला घास ताटात ठेवला. शंभर शेतं... आणि त्यांत माठ कुणी ठेवायचा?

तिनं त्याला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं वही उघडली, एकोणीसवर काट मारली आणि बोट एकेक ओळ वर नेलं. अकरावर थांबलं.

"पंधरा दिवस उन्हात. एकच शेंग तडकली." त्यानं बोट उचललंच नाही. "हेच होतं ते. दाणे बारीक म्हणून मी बघितलंच नाही... आणि आत्ता खाऊन आलो."

"तुम्ही इथे राहावं म्हणून केलं हो मी..."

"समजलं."

"रिपोर्ट गेलाच आहे ना? कुणाला कळणार?"

"मला कळलं ना," तो म्हणाला आणि तिथेच बसून खात्याला चूक कळवणारं पत्र लिहिलं. त्यात तिचं नाव नव्हतं. 'निष्काळजीपणा माझा,' एवढंच होतं.

एक नोव्हेंबरला उज्जैन नव्या राज्यात गेलं, नागपूर मुंबई राज्यात, आणि नव्या खात्याच्या यादीत शरच्चंद्रचं नाव कुठेच नव्हतं. तो वही घ्यायला आला तेव्हा विनोदिनी जिन्यात आडवी उभी राहिली.

"नोकरी नसली तरी बोला ना भय्यासाहेबांशी! मी थांबेन. माझं तुमच्यावर... खरंच हो, खरंच!"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "ती एकच गोष्ट मी न मोजता खरी धरली होती. पण आता तुझा प्रत्येक शब्द मोजत राहीन, विनोदिनी... रोज."

ती बाजूला झाली. तो उतरला, आणि खालून अक्का विचारत राहिल्या, "जेवून नाही का जात?"