कोपऱ्यातला खांब कुणाचा?

"अरे, एक जण तरी बोला! आम्ही काय वाघ आहोत?" कुसुमलता कंबरेवर हात ठेवून ओरडली.

नाताळच्या सुट्टीत सुमनबाई जळगावच्या आपल्या वर्गातली मुलं घेऊन साक्रीच्या वसतिगृहात आल्या होत्या, तिथल्या मुलांशी गट्टी जमवायला. पण डोंगरातल्या पाड्यांवरची ती तेरा-चौदा वर्षांची मुलं नाव विचारलं तरी अंगठ्याने जमीन उकरत! कुसुमलतेने भेंड्या लावून पाहिल्या, कोडी घालून पाहिली. कुणाच्या तोंडून चकार शब्द निघेना.

"खेळायला जीभ लागत नाही," तिचा वर्गमित्र लीलाधर म्हणाला. "चला, खांबखांबोळी!"

मात्रा लागू पडली! ओसरीच्या एकेका खांबाला एकेक जण आणि राज्य असलेला मधे. हाळी होताच खांब बदलायला धूम पळायचं! मुलं खुदूखुदू हसू लागली. पण कुसुमलतेला एक गोष्ट खटकली. कोपऱ्यातला नवा रंग दिलेला खांब रिकामा असला, तरी वसतिगृहातलं एकही पोर तिकडे फिरकत नव्हतं. झुलाल नावाच्या उंच मुलाने तर तो खांब धरण्यापेक्षा आपणहून राज्य घेतलं!

तिने त्याला बाजूला गाठलं. "त्या खांबात भूत आहे का रे?"

झुलालला हसू फुटलं. खेळाने त्याची भीड चेपली होती. "भूत नही शे. मजारमा बठ्ठी उधई शे."

"उधई? म्हणजे वाळवी? आतून पोखरलाय?"

"हा. मी तोतारामनानाले सांगं. तो म्हने, परत बोलशी ते वसतिगृहमातून नाव काटी टाकसू!"

तोतारामनाना म्हणजे ओसरीची दुरुस्ती केलेले कंत्राटदार. खांब बदलायचा सोडून त्यांनी वर रंग फासला होता! आणि त्याच कौलांखाली मुलं रोज झोपत होती. नुसतं सांगावं, तर नाना कानांवर हात ठेवतील आणि झुलालची शाळा सुटेल.

तिने सगळ्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी मुलांच्या आग्रहावरून गृहपती चुडामणआबा नानांना घेऊन खेळ बघायला आले. "नाना, राज्य तुमच्यावर!" पोरांनी त्यांना मधे ओढलंच. हाळी झाली, पळापळ झाली आणि रिकामा राहिला तो कोपऱ्यातला खांब.

"पकडा, नाना! पकडा!"

नाना जागचे हलेनात.

"अहो, मोकळा आहे की! मिठी मारा त्याला!" आबा हसत म्हणाले.

"नको... म्हणजे... कौलं..." नानांना घाम फुटला.

आबांचं हसू मावळलं. त्यांनी खांबावर बोट दाबलं. बोट सरळ आत गेलं आणि भुसा भुरूभुरू गळू लागला!

"मी नानाले सांगं व्हतं, आबा! तो म्हने, नाव काटी टाकसू!" झुलाल सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला.

मुलांच्या गोधड्या तेव्हाच शाळेच्या खोलीत हलल्या आणि नानांना दुसऱ्याच दिवशी नवा खांब आणायचा हुकूम झाला.

"शाबास, पोरांनो! आज तुम्ही माझी लाज राखलीत," आबा म्हणाले. सुमनबाईंनी कुसुमलतेची पाठ थोपटली. मग आबा झुलालसमोर उभे राहिले. "तुझं नाव कोण काटतो, बघतो मी! पण तू माझ्याकडे का नाही आलास रे?"

झुलालने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही कधी आमनासंगे खेळनातच नही, आबा!"

आबांनी धोतर खोचलं. "चला अंगणात! झाडं धरू. राज्य माझ्यावर!"