उतरा, घर आलं

ही घटना खरी आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, माझं काही जात नाही. पण सुग्रीवमामांना मी लहानपणापासून ओळखतो आणि हा माणूस तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातला नाही. उलट त्यांच्या तोंडून चार वाक्यं काढायची म्हणजे आपल्याच नाकी नऊ येतात.

भुतं रात्रीच निघतात असं कुणी सांगितलं असेल, तर ते विसरा. ही भर दुपारची गोष्ट आहे. यंदाचा पौष महिना, अमावास्या सहा दिवसांवर आलेली, ठिकाण परभणी जिल्ह्यातलं ताडकळस.

वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

दर वेळी तीच वेळ… एक वाजून दहा मिनिटं.

सुग्रीवमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. त्यांची एक छोटी पांढरी गाडी आहे, परभणीहून जुनी घेतलेली. मागच्या काचा अजून हँडल फिरवून खालीवर कराव्या लागतात. कुणाला दवाखान्यात ने, कुणाला लग्नाला ने, यावर मामांचं घर चालतं.

मामांची एकुलती एक मुलगी प्रियंका. ती सेलूला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पौष सरला की तिला आणायचं ठरलेलं. आणायचं ते बाबांच्याच गाडीतून, असा तिचा हट्ट होता. मामा तर लेकीच्या शब्दाबाहेर कधी गेलेच नाहीत.

त्यातच आठवडी बाजारात कुणीतरी त्यांच्या उभ्या गाडीला ठोकून पसार झालं. दाराला पोचा पडला. मामा दोन दिवस जेवले नाहीत म्हणा ना! आता लेक बसणार या गाडीत, म्हणून त्यांनी कॅमेरा बसवायचं मनावर घेतलं.

परभणीत प्रीतम नावाचा एक वायरिंगवाला आहे, हात एकदम साफ. त्यानं आरशामागं कॅमेरा चिकटवला. एक डोळा रस्त्याकडे, एक डोळा गाडीच्या आत. वायर छताच्या कापडाखालून, दाराच्या रबरातून खाली घेतली आणि स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या डब्यात जोडली. पिवळी वायर थेट बॅटरीच्या फ्यूजला. लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला. काळी बॉडीला.

"आता गाडी बंद असली तरी कॅमेरा जागाच राहतोय बघा," प्रीतम म्हणाला. "गाडीला जरा धक्का लागला की रेकॉर्डिंग चालू. घरात वाय-फाय असलं की मोबाईलवर दिसतंय."

"बॅटरी बसल का?"

"बसत न्हाई. पण एक करा मामा, दारं उघडी टाकून गाडी लय येळ उभी करू नका. आतला दिवा जळतोय, कॅमेरा पण जागा राहतोय. मग मला बोलू नका."

हे वाक्य मामांनी गाठीला बांधलं. बांधायला नको होतं.

तिसऱ्याच दिवशी त्यांना भाडं आलं. ताडकळसजवळच्या वस्तीवर मेंढरं राखणारे दत्तराव परभणीच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणाले. मुलगा हरिओम ऊसतोडीला गेलेला. सोबत एकट्या बानूबाई, त्यांची बायको.

मागं डाव्या खिडकीशी दत्तराव, त्यांना धरून बानूबाई. गाडी शहराबाहेर पडली.

"काच खाली कर लेकरा… वारं लागंना."

मामांनी थांबून काच खाली केली. थोड्या वेळानं पुन्हा आवाज.

"घर आलं का?"

"आलंच आबा."

असं पाच-सहा वेळा झालं. मग विचारणं थांबलं. बानूबाईंनी हंबरडा फोडला तेव्हा मामांनी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता इथं एक सांगायला हवं. तिकडच्या जुन्या गाडीवाल्यांची एक रीत आहे. गाडीत कुणी प्राण सोडला, तर माणसं देह उतरवून नेतात, पण तेवढ्यानं भागत नाही. ड्रायव्हरनं चारी दारं सताड उघडायची. चाकांवर तांब्याभर पाणी ओतायचं. एक उदबत्ती लावायची आणि नाव घेऊन म्हणायचं, "अमुकराव, उतरा, घर आलं." उदबत्ती विझेपर्यंत दारं लावायची नाहीत. कारण श्वास थांबला हे त्या माणसाला लगेच कळत नाही म्हणतात. तो आपला बसूनच राहतो.

मामांनी ही रीत कधी चुकवली नव्हती. त्या दिवशीही वस्तीवर देह उतरवून झाल्यावर त्यांनी दारं उघडली, पाणी ओतलं. उदबत्ती पेटवायला काडी ओढली… आणि आत कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकताना दिसला.

त्यांना प्रीतमचं बोलणं आठवलं.

तासभर दारं उघडी टाकली आणि वस्तीवरच बॅटरी बसली तर? मामांनी हात जोडले आणि दारं लावली. घाईत "उतरा" म्हणायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मामा जेवत होते. गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी. मोबाईल वाजला.

गाडीला धक्का. वेळ एक वाजून दहा.

मामांनी रेकॉर्डिंग बघितलं. समोर मोकळं अंगण. चित्र एकदा किंचित हललं, बस. मांजर असेल म्हणून त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा मोबाईल वाजला. पुन्हा तीच वेळ.

या वेळी त्यांनी आतल्या बाजूचं चित्र लावलं. मागची सीट रिकामी. पण काहीतरी चुकत होतं. आधी त्यांना कळेना काय ते. मग कळलं…

आवाजच नव्हता.

त्या कडुनिंबावर दुपारभर साळुंक्यांचा कलकलाट चालतो, माणसाला झोपू देत नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये एकही साळुंकी नव्हती.

आणि मग मागच्या डाव्या दाराचं हँडल हललं.

हळूच… एक फेरा. थांबलं. दम खाल्ल्यासारखं. मग दुसरा फेरा. काच एक बोट खाली आली, दोन बोटं, चार बोटं.

मामा ताटावरून उठले, तसेच खरकट्या हातानं अंगणात गेले. गाडीला कुलूप होतं.

मागची डावी काच निम्मी खाली होती.

घरात त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण चौथ्या दिवशी एक वाजायच्या आधीच ते कानाला मोबाईल लावून ओट्यावर बसले. केशरमामी दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याचा उतरलेला चेहरा त्यांना कालपासून दिसतच होता.

एक वाजून दहा.

साळुंक्या गप्प झाल्या. एकदम, एकाच वेळी.

मोबाईलमधून आधी नुसता श्वास आला. ओढून ओढून घेतलेला. मग अगदी बारीक…

"घर… आलं का?"

मोबाईल मामांच्या हातून पडला. मामींनीही ते ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिशी दारं उघडली व्हती का न्हाई?"

मामा खाली बघत राहिले.

"बोला की! उतरा म्हणलाव का?"

"बॅटरी बसल म्हणून… लगेच लावली."

"बॅटरी!" मामींनी कपाळावर हात मारला. "अवो, आठ दिसांनी लेक बसायलीय त्या सीटवर. पोटुशी लेक! बॅटरीचं काय घेऊन बसलाव?"

मामांना रडू आलं. पन्नाशीचा माणूस, लोकांच्या चार मयती गाडीतून नेलेला, पण लेकीचं नाव निघालं आणि बांध फुटला.

पाचव्या दिवशी सकाळी दोघं गाडी घेऊन वस्तीवर गेले. जाताना मामी पुढं बसल्या. मागं वळून दोघांनीही बघितलं नाही.

बानूबाई मेंढरांच्या वाड्याशी बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या घाबरल्या नाहीत. उलट त्यांना नवऱ्याची दया आली. "पाच दिस झाले, बिचारं बसूनच हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग स्वतःच म्हणाल्या, "मी म्हणते. माझं ऐकतील ते. जल्मभर माझंच ऐकलंय."

मामांनी गाडी आवारात घेतली. एवढ्यात वाड्यातली मेंढरं पलीकडच्या कुडाला जाऊन भिडली, एकावर एक चढून. एकही ओरडत नव्हतं.

चारी दारं उघडली. चाकांवर पाणी ओतलं. उदबत्ती लावली.

बानूबाई डाव्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं.

"दत्तराव, उतरा. घर आलं."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग गाडीची मागची डावी बाजू… वर उठली. जड माणूस उतरल्यावर उठते तशी, सावकाश. मामांनी, मामींनी, बानूबाईंनी, तिघांनीही ते बघितलं. मेंढरं कुडापासून सुटी झाली, एक कोकरू बें करून ओरडलं. बानूबाई वाटेवर नजर लावून, कुणाला तरी पुढं जाऊ द्यावं तशा बाजूला सरकल्या.

मामांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी वाकून बानूबाईंच्या पायांना हात लावला, आणि वाकलेले असतानाच त्यांचं लक्ष चाकांकडे गेलं.

डावी बाजू वर होती.

उजवी नव्हती.

मागची उजवी बाजू तशीच दबलेली. मामांनी टायर दाबून बघितला, हवा टिच्च. गाडी थोडी पुढं घेतली, जमीन सपाट होती. तरी उजवीकडे चाक आणि पत्र्याच्या मधे जेमतेम दोन बोटं राहत होती.

बानूबाई बराच वेळ त्या सीटकडे बघत होत्या.

"सुग्रीव," त्या म्हणाल्या, "त्या दिशी मागं आमी दोघंच व्हतो ना?"

"व्हय मावशी."

"मग मला उजव्या अंगाला सरकता कामून येईना? ह्यांना मांडीवर आडवं करावं म्हणत व्हते, सरकायला जागाच न्हाई. दाटून बसल्यासारखं झालं. दुःखात ध्यान गेलं न्हाई माझं."

मामी दारापासून दोन पावलं मागं सरल्या.

"म्हातारं उतरलं," बानूबाई म्हणाल्या. "त्यांची काळजी करू नको. पण तुझ्या पाठीमागं बसलंय ते कोण हाय?"

ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा ती. मामा दोन वर्षं ती गाडी चालवत होते.

त्यांनी तिथंच उभं राहून नावं आठवली. दत्तरावांआधी गाडीत गेलेली चारही माणसं त्यांनी रीतीनं उतरवली होती. तरी एकेकाचं नाव घेऊन पुन्हा "उतरा" म्हणून बघितलं. गाडी हलली नाही. उदबत्ती विझून गेली.

संध्याकाळी मामांनी परभणीला फोन लावला, ज्याच्याकडून गाडी घेतली त्या माणसाला. "तुमच्या काळात गाडीत कुणी गेलं व्हतं का?" एवढंच विचारलं. दार कोणतं, बाजू कोणती, काही सांगितलं नाही.



पलीकडून तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "मागचं उजवं का?"

आणि फोन कट झाला. तेव्हापासून तो नंबर लागत नाही. मामा त्याच्या पत्त्यावरही जाऊन आले. घर भाड्याचं होतं, दुसरंच कुटुंब राहतं तिथं.

प्रियंकाला केशरमामींनी सेलूहून रेल्वेनं परभणीला आणलं आणि तिथून एस.टी.नं ताडकळसला. पोरगी वाटभर फुगून बसली होती. बाबांनी गाडी का आणली नाही? मामा म्हणाले, बॅटरी बसलीय. आयुष्यात लेकीशी पहिल्यांदा खोटं बोलले.

मुलगी झाली. नाजूक, गोरीपान, तीन किलोची. दोघी सुखरूप आहेत, देवाची कृपा.

गाडी कडुनिंबाखालीच उभी आहे. मामा आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातात. विकून टाका म्हटलं, तर म्हणाले, "घेणाऱ्याची लेक न्हाई का बसणार?" कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांनी काढून ठेवलंय. दत्तरावांना आणलं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग त्यात आहे, मागच्या पूर्ण सीटचं. मामांनी ते उघडलेलं नाही. मीही मागितलं नाही. धाडस नाही माझ्यात.

परवा मामांचा फोन आला होता. नेहमीसारखे मोजकंच बोलले. त्यांनी मला विचारलं, "तुमी शिकलेली माणसं. ज्याचं नाव म्हाईत न्हाई, घर म्हाईत न्हाई, त्याला उतर म्हणायचं तर कसं म्हणायचं?"

वाचणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक असेल तर लवकर कळवा. बाळाला तीन महिने झाले, प्रियंकाला सासरी पोचवायचंय. येत्या रविवारी निघायचं ठरलंय आणि या वेळी बाबांच्याच गाडीतून जायचं म्हणून ती कुणाचंच ऐकायला तयार नाही. बॅटरी तिनं स्वतः प्रीतमला बोलावून तपासून घेतली. चांगली आहे म्हणाला तो.

बाळाला घेऊन ती मागं बसणार आहे. दोघींपुरती जागा लागते, म्हणते.