ब्रेक्केंच्या हिरवळीवरचे सात झेंडे

शनिवारी सकाळी ठेकेदार आर्नी आला, तेव्हा हिल्मा नूर्दाल कॉफी ओतत होती. गावात काही कोडं पडलं की लोक तिच्याकडेच येत. टोपी चुरगाळत तो दारातच उभा राहिला.

"ताई, सोमवारी माझा परवाना जाणार. तो गेला तर गेला. पण माझा कामगार लेस्टर इस्पितळात पडून म्हणतोय, चूक माझीच, आता खोदयंत्रावर बसणार नाही. एकवीस वर्षं माझ्याकडे आहे हो तो!"

"आधी बस," हिल्मा म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."

डोंगरउतारावरच्या डुलुथमध्ये कुणाचंच अंगण सपाट नाही. पाऊस झाला की माती घसरते, म्हणून उताराला टेकू देणाऱ्या भिंती लागतात. आर्नी तीस वर्षं त्याच बांधत आला होता. निवृत्त शिक्षक वॉरन ब्रेक्के यांनी तीन ठेकेदारांच्या जुन्या भिंती हिंडून पाहिल्या आणि काम आर्नीला दिलं.

खोदण्याआधी गॅसकंपनीला कळवायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. कंपनीच्या रोंडाने सोमवारी येऊन जमिनीतल्या नळाच्या रेषेवर पिवळा रंग मारला, सात पिवळे झेंडे रोवले. शुक्रवारी आठला लेस्टरने झेंड्यांपासून पाच फूट सोडून खोदायला घेतलं. वीस मिनिटांत नळ फुटला, भडका उडाला आणि लेस्टरचे दोन्ही हात भाजले.

"मी त्याच्याबरोबर रुग्णवाहिकेतून गेलो," आर्नी म्हणाला. "साडेनवाला आग विझवून बंबवाले गेले. साडेअकराला तपासनीस आले, तर झेंडे बरोब्बर फुटलेल्या नळावर उभे!"

"मग झेंड्यांवरच खोदलं त्याने. उघड आहे," गॉर्डी म्हणाला. गॉर्डी प्रुइट पूर्वी विमा कचेरीत होता. आता तो हिल्माची गाडी चालवायचा आणि निष्कर्ष फुकट वाटायचा.

"तुला काय, सगळंच उघड असतं. ऊठ, गाडी काढ. आर्नी, तूही चल."

इस्पितळात लेस्टरचे हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते.

"झेंडे बर्चच्या बुंध्याला लागून होते," तो म्हणाला. "हिरवळ कशी गालिच्यासारखी, म्हणून ते लांबूनही दिसत होते. पण सगळे म्हणतात बर्चपाशी नव्हतेच. साठीला आलोय बाई. डोळे गेले असतील माझे." तो भिंतीकडे तोंड करून पडला. हिल्माने त्याला आणखी काही विचारलं नाही.

रोंडा गॅसकंपनीच्या गोदामात भेटली आणि लगेच भडकली.

"माझ्यावर ढकलू नका हं! उपकरण वाजेल तिथेच रंग मारते मी. बर्चपासून पाच फूट अंतर होतं, वहीत लिहिलंय. गवत घोट्याच्या वर आलेलं, बूट चिंब झाले माझे. तरी रंग दिसावा म्हणून दोनदा फवारला."

"बाई खोटं बोलतेय," गाडीत बसताच गॉर्डी म्हणाला. "चुकीच्या जागी खुणा केल्या, मग गुपचूप येऊन हलवल्या."

"आणि ब्रेक्के सर ते खिडकीतून बघत बसले, होय?"

ब्रेक्केंच्या फाटकावर पिवळीधमक टपालपेटी होती. सर स्वतः बाहेर आले. उंच, इस्त्रीचा सदरा, घसा बसलेला.

"मी चौकशी करून माणूस नेमला हो," आर्नीकडे न बघता ते म्हणाले. "आणखी काय करायचं असतं?"

हिल्मा चष्मा लावून झेंड्यांपाशी गुडघ्यांवर बसली. हिरवळ एकसारखी कापलेली होती, झेंड्यांच्या तारांना अगदी खेटून. झेंड्यांच्या रेषेतली पाती वरून सपाट छाटलेली आणि टोकांसकट रंगाने पिवळीजर्द.

"रंग काय मस्त टिकलाय!" गॉर्डी म्हणाला.

हिल्मा उठून शेडमागे गेली. तिथे कापलेल्या गवताचा ढीग होता. तिने हातातल्या छत्रीने तो उकरला, दोन-चार पाती उचलून पाकिटात टाकली आणि परत आली.

"सर, गवत कधी कापलंत?"

"मागच्या शनिवारी. झेंडे लागल्यावर कसं कापणार? यंत्राखाली येतील ना."

"शनिवारी कापलेलं गवत सोमवारी घोट्याच्या वर? कमालीचं खत घालता तुम्ही!"

हिल्मा गॉर्डीकडे वळली.

"रोंडाचे बूट सोमवारी गवतात भिजले. शुक्रवारी लेस्टरला इथे गालिचा दिसला. म्हणजे गवत मधल्या दिवसांत कापलं गेलं. झेंडे जागेवर ठेवून यंत्र फिरवलं, तर प्रत्येक तारेभोवती झुपका उरतो. इथे एकतरी दिसतो का, गॉर्डी?"

गॉर्डी वाकला. "नाही बुवा."

"कारण कापताना झेंडे उपटलेले होते. आता रंग. रोंडाचा रंग उंच गवताच्या शेंड्यांवर होता, म्हणजे यंत्राने तो कापून नेला. पात्यांचा वरचा काप हिरवा हवा होता. पण इथे कापसुद्धा पिवळा. म्हणजे हा रंग गवत कापल्यानंतरचा आहे." तिने पाकीट उघडलं. आत पिवळे शेंडे होते. "रोंडाचा रंग हा. शेडमागच्या ढिगातला."

"पण नळाची खरी जागा यांना कशी कळली?" गॉर्डीने विचारलं.

"खड्ड्यात फुटलेला नळ दिसत होता की! बंबवाले गेल्यावर दोन तास इथे सरांशिवाय कुणी नव्हतं. आणि पिवळा रंग काय, टपालपेटीचा उरलेला असेल."

ब्रेक्के पायरीवर बसले. "रविवारी बहीण येणार होती. अंगण वाढलेलं दिसलं की फार बोलते ती. गुरुवारी झेंडे काढले, गवत कापलं, अंदाजाने परत रोवले. पाच फूट चुकलो, बस! शुक्रवारी खड्ड्यात नळ पाहिला आणि झेंडे त्याच्यावर हलवून रंग मारला."

आर्नीच्या मुठी वळल्या होत्या. "आणि तो भाजलेला माणूस स्वतःला दोष देतोय!"

"गुरुवारी चूक झाली, ती कुणाकडूनही होते," हिल्मा म्हणाली. "शुक्रवारी तुम्ही ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधलीत. तपासनीसांना सोमवारी सांगालच. लेस्टरला आत्ता सांगायचं. गाडीत बसा."

इस्पितळात ब्रेक्के खाटेपाशी उभे राहिले. त्यांना पाहून लेस्टरच उठायची धडपड करू लागला.

"सर, तुमची भिंत अर्धी राहिली माझ्यामुळे. माफ करा हो."

ब्रेक्केंनी खाटेची कड घट्ट धरली आणि सगळं सांगितलं. एकदा थांबले, तर हिल्माने "पुढे," एवढंच म्हटलं.

लेस्टरने उशीवरून मान उचलली.

"म्हणजे झेंडे बर्चपाशीच होते?"

"बर्चपाशीच."

लेस्टरने पट्ट्यांतले हात छातीशी घेतले आणि आर्नीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"मला नीट दिसलं होतं, आर्नी."

"दिसलंच होतं रे," आर्नी म्हणाला आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला.