प्लग काढलेला पंखा

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. दोनियोरला पाजून मी नुकतंच घड्याळ पाहिलं होतं, म्हणून वेळ पक्की आठवते. बाळाचा तेहेतिसावा दिवस. चाळीस दिवस होईपर्यंत आमच्यात बाळाला एकटं सोडत नाहीत, म्हणून पाळणा रवशनच्या कामाच्या खोलीत ठेवलेला. माझे यजमान ते; घरीच कॉम्प्युटरवर कपाटांचे नकाशे काढतात.

कॉम्प्युटरच्या पेटीतला जुना पंखा घरघरायचा आणि बाळ दचकायचं. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी पेटीत, आतली चिप थंड ठेवणारा नवा कूलर बसवला होता. पातळ पत्र्यांचा वीतभर मनोरा, त्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या, बाजूला पंखा. फार महागातला नव्हे, पण आवाज म्हणून नाही. मला मात्र ती शांतताच खटकत होती. का, ते सांगता येत नाही.

सासूबाई रोजच्यासारख्या इसिरिकची धुरी घेऊन आल्या. त्या वाळल्या झुडपाचा कडवट वास खोलीभर झाला. त्यांनी तवा पाळण्याभोवती फिरवला, तसा धूर वळला आणि उघड्या पेटीतल्या मनोऱ्यात शिरू लागला. शिरतच राहिला. मागून मात्र बाहेर येईना.

"पंखा उलटा लागला वाटतं," रवशन म्हणाले.

"बापावर गेलास," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं न्हाणीघराचं दारही उलटंच लावलं होतं. आता नीट बस, नाहीतर तुलाही धुरी देते."

आम्ही हसलो. रवशननी प्लग काढला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, पंखा फिरतच राहिला.

"गतीत असेल... थांबेल आता."

थांबला नाही. थोडा फिरायचा, मंदावायचा, पुन्हा फिरायचा. माझी नजर पाळण्यात गेली. दोनियोरचं पोट त्याच लयीत वरखाली होत होतं.

"अहो... बाळाकडे बघा..."

पण त्यांनी पात्यावर बोट ठेवलं होतं. पंखा थांबला. पोटही थांबलं. ओठ निळे पडायला लागले.

"सोडा! सोडा ना!"

त्यांनी बोट काढलं, आणि माझ्या बाळानं श्वास घेतला.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत, बाळंतिणीला झोप हवी. असेलही. मला खरंच कळत नाही. पण आता चार महिने झाले, प्लग अजून काढलेलाच आहे, पंखा फिरतोय, आणि तो पेटीतून बाहेर काढायला कुणाचाच हात धजावत नाही. रवशन मित्राच्या घरी जाऊन काम करतात. मी मऊ ब्रशनं पात्यांवरची धूळ झाडते आणि दिवसभर बघत बसते.

गेल्या गुरुवारी दुपारी पावणेतीनला दोनियोर माझ्या मांडीवर जागा होता, हसत होता, माझी वेणी ओढत होता. आणि पंखा मंदावला. मंदावत मंदावत... थांबला.

दोनियोर हसतच होता. श्वास नीट.

"मग हा श्वास कुणाचा गं?" दारातून सासूबाईंनी हळूच विचारलं.

मी पेटीपाशी वाकले. बोटानं पातं ढकललं. थांबलं. पुन्हा ढकललं.

तुमच्या इमारतीत, माहेरी, बाजारात विचारून बघा, गुरुवारी पावणेतीनला कुणाच्या बाळाचा श्वास अडकला होता का. असेल, तर त्याच्या आईला एवढा निरोप द्या: अंधार पडेपर्यंत मी ढकलत होते, मग पंखा आपला आपण फिरायला लागला.