मागचे ब्रेक

कडुलिंबाखाली अंथरलेल्या पोत्यावर दोन ड्रम, चार ब्रेक-शू, सहा स्प्रिंगा आणि बत्तीस रिव्हेटी होत्या. शिवाय जुन्या पिकअपखालून बाहेर आलेले दोन पाय.

साल चोपन्न. मी बी.एस्सी. होऊन पुण्याहून चिंचवडच्या मळ्यात नुकतीच परतले होते. पाय कुणाचे, हे विचारायच्या आत खालून आवाज आला, "तो रुंद शू द्या जरा."

मी दिला.

"हा नव्हे... रुंद."

"रुंदी किती, ते सांगा. नुसतं रुंद म्हणजे काय?"

पाय थबकले. मग अख्खा माणूस बाहेर आला. गालावर ग्रीस.

"अडीच इंच, बाईसाहेब," त्याने हसू दाबत सांगितलं.

तो दौलत. कऱ्हाडकडचा, पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटर. माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची गाडी महायुद्धाच्या आधीची. कांद्याची पोती भरली की थांबायचं नाव घेत नसे. दौलत सुटीच्या दिवशी येऊन लष्करी लिलावातल्या लॉरीचे मोठे ब्रेक मागे बसवत होता. काम थोडंच होतं, त्याने ते दिवाळीपर्यंत पुरवलं. मी ड्रमचा व्यास मोजायची, आणि तो भलताच पाना उचलायचा... आज तिथे कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत, पण ग्रीसचा वास आला की मला अजून तो कडुलिंब दिसतो.

दिवाळीनंतर त्याने दादांकडे मला मागणी घातली. सोयरीक जुळत होती. दादांनी मात्र अट घातली.

"आदी गाडी थांबवून दाव. वीस मैलांच्या वेगात, तीस फुटांत. न्हाई जमलं, तर पोरगी न्हाई."

चाचणीच्या दिवशी दादांनी पूजेसाठी पिकअपचा हौदा रिकामा करून धुतला, झेंडूची माळ घातली. दौलतने वाटेवर चुन्याने आखलेल्या खुणेपाशी ब्रेक दाबला. मागची चाकं जागीच आवळली आणि गाडी आडवी घसरत शेवंतीच्या वाफ्यात शिरली. शेहेचाळीस फूट. दादा माळ सोडवू लागले.

दौलतने मान खाली घातली. मी मात्र मातीवरच्या रेघा बघत होते. दौलतने ब्रेक दरवेळी भरल्या गाडीवर तपासला होता. आज पूजेपायी हौदा रिकामा. मागच्या चाकांवर भारच नाही, मग ती माती धरणार कशी? मी दादांना हे समजावलं.

"भरा मग," ते म्हणाले. "एकदाच."

मातीची पोती चढवली. त्यांच्यावर मीही चढून बसले. दौलत खाली उतरला.

"तुम्ही नाही."

"वजन हवंय."

"तुमचं असं कितीसं..."

"विचारू नये ते विचारताय."

त्याने हौद्याच्या फळीवर हात ठेवला. "रंभा..." नाव पहिल्यांदाच घेतलं त्याने. "नाही थांबली तर?"

"तर तुमच्याबरोबर मीही शेवंतीत."

तो बघत राहिला. दादा खोकले.

"घट्ट धरा," एवढंच म्हणून तो स्टीअरिंगमागे बसला.

कानात वारा भरला. पांढरी खूण खालून गेली, पोती पुढे सरकली, माझा खांदा फळीवर आपटला — आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. मी टेप घेऊन उतरले. दुसरं टोक दादांनी स्वतः धरलं.

सत्तावीस फूट चार इंच.