साक्षीचा बोर्ड

जेवणाच्या टेबलावर तीन मदरबोर्डांची छायाचित्रं मांडून कुमुदताई सबनीस सकाळपासून बसल्या होत्या. त्यांतला एक निवडायचा होता. निवड चुकली तर नुसतं यंत्र बिघडणार नव्हतं, नवरा बिघडणार होता.

पक्षाघातात भालचंद्ररावांच्या मेंदूचा डावा भाग निकामी झाला, तेव्हापासून त्या भागाचं काम शेजारच्या खोलीतला संगणक करत होता. कानामागे बसवलेल्या चकतीतून त्यांचा मेंदू आणि हा संगणक अखंड एकमेकांशी बोलत. अशा संगणकाला लोक ‘उपमेंदू’ म्हणू लागले होते. माणसाच्या विचारांचा कुठलाही भाग कंपनीच्या ताब्यात राहू नये, असा कायदा झाल्यापासून मिरजेसारख्या गावातही लोक उपमेंदू घरीच जुळवत. त्यासाठी कोणी जावयाला बोलावी, कोणी शेजाऱ्याला.

सबनीसांचा उपमेंदू आता थकला होता. गेल्या आठवड्यात भालचंद्ररावांनी विचारलं, “आपला मोती कुठं गेला?” त्यांच्या घरात कुत्रा कधीच नव्हता. पण मोतीचा रंग, त्याची ओसरीतली जागा, सगळं त्यांना आठवत होतं.

कुमुदताईंची खरी धास्ती वेगळी होती. आजारपणाच्या थोडेच दिवस आधी भालचंद्रराव म्हणाले होते, “उरलेलं आयुष्य मला दिवेआगरला एकट्यानं काढायचंय.” भांडण नव्हतं, राग नव्हता. बरे झाल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि कुमुदताईंनाही विचारायचा धीर झाला नाही. मोतीला हाका मारणाऱ्या यंत्राचं उत्तर खरं कसं मानायचं?

“एकच प्रोसेसर असला की असंच होतं,” मृण्मयी म्हणाली. ही भालचंद्ररावांची भाची विद्यापीठात उपमेंदूंवरच संशोधन करत होती. “तो चुकला तर त्याला कळत नाही, आणि मामांनाही कळत नाही. आपण दोन प्रोसेसरचा बोर्ड घेऊ. हा बघ, वाटणीचा. दोघं काम वाटून घेतात. मामा भरभर बोलतील.”

“आणि चुकले तर?”

“भरभर चुकतील.”

कुमुदताई हसल्या नाहीत. “हा तिसरा कसला?”

“साक्षीचा. दोन्ही प्रोसेसर एकच विचार एकाच वेळी करतात. उत्तरं जुळली तरच मामांपर्यंत जातात.”

“मग हाच.”

“मामी, ऐक तरी पुढचं.”

“अगं, जन्म बँकेत गेला माझा. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांच्या हातात. एका किल्लीवर मी कधी विसंबले नाही.”

“किल्ल्या भांडत नाहीत. साक्षीदार भांडतात. मग न्यायाधीश लागतो.”

“दोन्ही यांचेच ना? भांडतील कशाला?”

बोर्ड आला. मृण्मयीनं जुना सोडवून नवा बसवला, दोन्ही प्रोसेसरांवर उष्णता वाहून नेणारा लेप चोपडला, वर पंखे आवळले. तेवढा वेळ उपमेंदू बंद होता. भालचंद्रराव खुर्चीत बसून स्वतःच्या चष्म्याकडे, ही वस्तू काय असावी अशा नजरेनं पाहत राहिले. कुमुदताईंनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

मोती गेला. आठवडाभर सगळं बरं चाललं. मग एका सकाळी कुमुदताईंनी विचारलं, “पोहे करू की थालीपीठ?” आणि भालचंद्रराव ओठ अर्धवट उघडे ठेवून थिजले. शेजारच्या खोलीत पडद्यावर अक्षरं उमटली होती : मतभेद. एक : पोहे. दोन : थालीपीठ. निवडा.

कुमुदताईंनी घाबरून दोनवर बोट ठेवलं. “थालीपीठ कर,” बाहेरून आवाज आला.

फोनवर मृण्मयी म्हणाली, “दोघं सारखेच असतात, मामी. पण मन अगदी काठावर असलं, की जराशा उष्णतेच्या फरकानंही एक इकडे पडतो, एक तिकडे.”

“आणि तो पोहेवाला?”

“पुसला जातो. निवडलेल्याची स्मृती त्याच्यावर उतरते. दोघं पुन्हा सारखे.”

“निवड यांनाच करू दिली तर?”

“कुठल्या मामांना?”

त्यानंतर कुमुदताई एकच उत्तर असलेले प्रश्न विचारू लागल्या. आज वार कुठला? बाहेर ऊन आहे ना?

“काय गं, शाळेची परीक्षा घेतेस का माझी?” भालचंद्रराव एकदा म्हणाले. तो जुना खवचट सूर ऐकून कुमुदताईंना भडभडून आलं, आणि इतके दिवस अडवलेला प्रश्न तोंडून निसटलाच.

“अहो, तुम्हाला अजून जायचंय का दिवेआगरला? एकट्याला?”

भालचंद्रराव थिजले. हातातला कप तिरका झाला, चहा धोतरावर सांडू लागला. कप काढून घेऊन कुमुदताई शेजारच्या खोलीत गेल्या.

मतभेद. एक : हो, जायचंय. दोन : नाही गं, इथंच राहू. निवडा.

म्हणजे ते काठावर होते. हेच खरं उत्तर होतं, पण त्यासाठी पडद्यावर जागा नव्हती. दाराच्या फटीतून ते दिसत होते : डोळे उघडे, बोटं कप धरल्यासारखी वाकलेली. निवडेपर्यंत ते तसेच राहणार होते.

कुमुदताईंचं बोट एकवर गेलं, मग खाली दोनवर सरकलं.

“नाही गं,” बाहेर भालचंद्रराव मायेनं म्हणाले, “इथंच राहू.”

कुमुदताईंनी ते वाक्य आधीच वाचलं होतं.